वीस किलोत व्हिएतनाम

माझं काम फॉर्म भरायचं आहे. सेलूत तहसीलसमोर जी ऑनलाइन फॉर्मची दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानात डावीकडच्या कॉम्प्युटरवर मी बसते. पीकविमा, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं, सगळं करते. माझी बोटं लय फास्ट चालतात. माणूस नाव पूर्ण सांगायच्या आत मी आडनाव टाकून मोकळी झालेली असते, आणि मग तो म्हणतो, "ताई, आडनाव ते न्हाई." हे पण मी फास्टच टाइप करायलेय, तेव्हा कुठं चुकलं तर समजून घ्या.

तर मागच्या वर्षी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, डबा खाऊन झाला होता, आणि मी पहिल्यांदा आमच्याच घरचा फॉर्म भरला. तिघांचा व्हिसा. मी, आई, पप्पा. देश व्हिएतनाम.

व्हिएतनामच का, हे सगळेच विचारतात. खरं कारण म्हणजे मला मोबाईलवर तिथले व्हिडिओ येत होते आणि हैदराबादवरून सरळ विमान आहे. घरी मी वेगळं कारण सांगितलं. आईला म्हणले, तिथं गावोगावी बुद्धविहार आहेत. आई म्हणली, "मंग चालतंय." पप्पांना म्हणले, तिथं समुद्र आहे. पप्पा मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, नुकतेच रिटायर झाले होते आणि दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोत किती माल असंल याचा अंदाज करायचे. ते म्हणले, "समुद्र काय, सगळीकडं सारखाच." पण दुसऱ्या दिवशी विचारलं, "कधी निघायचंय?"

शेजारच्या काकूंना कळल्यावर त्या ओट्यावर येऊन बसल्या.

"तिकडं लढाई चालू हाय म्हणत्यात."

"मिटली ती," पप्पा म्हणले. "लय दिवस झाले."

"बरं झालं बाई. मंग जा."

पासपोर्ट आधीच काढून ठेवले होते. आई आणि पप्पा, दोघांचीही जन्मतारीख एक जून आहे, शाळेत नाव घालताना मास्तरनं टाकलेली. चौकशीला आलेल्या हवालदारांनी कागद बघून विचारलं होतं, "दोघं बी एकाच दिवशी जन्मले का?" पप्पा म्हणले, "साहेब, तुमची तारीख कोणती हाय?" हवालदारांनी पेन काढलं आणि सही केली.

व्हिसा आला, तिकीट निघालं. तिकीट मी सगळ्यात स्वस्तातलं काढलं. त्यात तिघांत मिळून एकच मोठी बॅग चालणार होती, वीस किलोची. हातातल्या पिशव्या वेगळ्या, प्रत्येकी सात किलो. मी घरी येऊन जाहीर केलं, "वीस किलो सामान चालतं. एक ग्राम जास्त नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी 'सामान' म्हणले होते.

तयारी लय मोठी झाली. मी फोनवर यादी केली, तिच्यात चाळीस गोष्टी होत्या. आईनं यादी केली नाही, तिनं फक्त ज्वारी दळून आणली. आईला शुगर आहे आणि भात वर्ज्य आहे. मी म्हणले, तिथं काय मिळतंय बघू की. ती म्हणली, "तिथं काय मिळतंय मला माहीत हाय. भात मिळतो. तू व्हिडिओत दाखवलास, सकाळी भात, दुपारी भात, शेवया बी भाताच्याच." मग मी तवा असलेली खोली शोधली. म्हणजे ज्या खोलीत स्वयंपाकाचं ठिकाण आहे अशी. मालकीणबाईला मोबाईलवरून भाषांतर करून विचारलं की माझ्या आईनं भाकरी केली तर चालंल का. तिनं अंगठा पाठवला. तो भाकरीला होता की नुसता होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग मी दोघांना तिथली भाषा शिकवली. नमस्कार म्हणायचं असलं तर 'सिन चाव' आणि आभार मानायचे असले तर 'काम अन'. निदान व्हिडिओत मला तसं ऐकू आलं.

आई पीठ चाळायली होती. ती म्हणली, "भेटल्या भेटल्या म्हणायचं चाव. मंग म्हणायचं काम आन. आन आपण सुट्टीला चाललो."

"तसं नसतं आई. त्यांच्यात त्याचा अर्थ चांगला आहे."

"आसंल. पण मी पहिल्यांदा 'जयभीम'च म्हणणार. मंग चाव."

रस्ता कसा ओलांडायचा याची पण मी प्रॅक्टिस घेतली. तिथं म्हणे गाड्या थांबतच नाहीत, आपण हळूहळू चालत राहायचं, थांबायचं नाही आणि पळायचं पण नाही, गाड्याच आपल्याला वळसा घालतात. बाजाराच्या दिवशी मी दोघांना मोंढ्याच्या रस्त्यावर नेलं. आई पलीकडं गेली, भाजी घेतली, परत आली. मी अजून इकडंच उभी होते. ती म्हणली, "हे शिकायला तिकडं जायचं का?"

आता पप्पांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

पप्पा मापाडी होते. मोंढ्यात शेतकऱ्याचा माल येतो, हमाल पोतं काट्यावर ठेवतो, आडत्या म्हणजे दलाल सौदा करतो, आणि मधे मापाडी उभा राहून वजन करतो आणि ते मोठ्यानं सांगतो. एकतीस वर्षं पप्पांनी हेच केलं. तूर, सोयाबीन, ज्वारी, हरभरा. त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. पहिल्या पोत्याला कधी 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. लहानपणी शाळेत बाईंनी आकडे विचारले तर मी 'लाभ, दोन, तीन' म्हणले होते आणि बाईंनी पप्पांना बोलावलं होतं. पप्पा बाईंना म्हणले, "बरोबर हाय की."

पप्पांनी एकदा आकडा बोलला की त्यावर कुणी बोलायचं नाही, ना शेतकरी, ना आडत्या. दोघं एकमेकांना शिव्या देतील, पण आकड्यावर भांडण नाही. मग मशीनचे काटे आले. पोतं टाकलं की लाल आकडे दिसतात आणि चिठ्ठी निघते. तरी पप्पा सवयीनं मोठ्यानं बोलायचे. एक दिवस एका आडत्याचा पोरगा, नुकताच गादीवर बसायला लागलेला, फोनवर बोलता बोलता म्हणला, "काका, मशीन बोलायलंय की. तुमी कशाला बोलायलात?" त्यात रागाचं काही नव्हतं. त्याला फोनवर नीट ऐकू येत नव्हतं, एवढंच. पण पप्पा त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले. शेवटची दोन वर्षं ते नुसते उभे राहायचे आणि चिठ्ठी फाडून द्यायचे. हे मला आईनं सांगितलं. पप्पांनी कधी सांगितलं नाही.

मोंढ्यात बोलणं बंद झालं तसं घरात सुरू झालं. कुणी विचारलं नसलं तरी पप्पा हातात आलेली वस्तू उचलून वजन सांगायचे. सिलेंडर. कलिंगड. पुस्तकांचं पार्सल. शेजारच्या काकूंचा नातू पण त्यांनी उचलला आणि सांगितलं, "सात किलो शंभर." काकूंनी दवाखान्यात नेला तर तिथं सात किलो तीनशे भरला. काकूंनी ओट्यावर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. पप्पा म्हणले, "सोटरसकट मोजला आसंल." स्वेटरसकटच मोजला होता, पण हे काकूंनी मला चार दिवसांनी एकटीला सांगितलं. पप्पांना सांगितलं नाही. आमी पण पुढं ते ऐकून न ऐकल्यासारखंच करायचो. पप्पा वजन सांगायचे, आई म्हणायची "बरं", आणि वस्तू जागेवर जायची.

बॅग घ्यायला आमी परभणीला गेलो तिथं तेच. दुकानदार बॅगा दाखवत होता, चाकं बघा, चेन बघा. पप्पांनी एकेक रिकामी बॅग उचलली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि खाली ठेवली. दुकानदार म्हणला, "काका, दांडा लय मजबूत हाय, टेन्शन न्हाई." पप्पांनी निळी बॅग निवडली. मला लाल पाहिजे होती.

आणि ह्या सगळ्यात मी काय करावं, तर मी बॅगा तोलायचा काटा मागवला. ऑनलाइन. मुठीत मावणारा असतो, पट्टा अडकवायचा, बॅग उचलायची, आकडा दिसतो. सगळ्या व्हिडिओत सांगतात की हा घ्याच. पार्सल आलं तेव्हा पप्पा ओट्यावरच होते, त्यांनीच घेतलं. त्यांनी खोका उघडला, काटा बाहेर काढला, उलटा करून बघितला, परत खोक्यात घातला आणि खोका टीव्हीवर ठेवला. मग ते विहाराकडं चक्कर मारायला गेले. दुपारचे बारा वाजले होते, ऊन लय होतं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुला काही कळतंय का?"

"काय केलं मी?"

"मापाड्याच्या घरात काटा मागवलास."

"अगं, विमानतळावर एक ग्राम चालत नाही म्हणून..."

"हलवायाच्या घरी कुणी पेढे घेऊन जातं का? त्यो माणूस दोन वर्षं झाली, कुणी एकदा तरी विचारंल म्हणून बसलाय. आन तू."

मी काटा परत पाठवला. परत पाठवायचं कारण निवडावं लागतं, त्यात आपल्याला पाहिजे ते कारण नसतं, म्हणून 'रंग आवडला नाही' टाकलं. संध्याकाळी पप्पा आल्यावर मी म्हणले, "पप्पा, बॅगेच्या वजनाचं सगळं तुमच्याकडं. वीस किलो सामान. मी बघणार नाही."

पप्पा म्हणले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्यांची दाढी झालेली होती.

आई फक्त एवढंच म्हणली, "वजन चुकलं तर माझं पीठ काढायचं न्हाई. आत्ताच सांगते. दुसरं काय काढायचं ते काढा."

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरली. पप्पा घरातच उचलून सांगतील असं मला वाटलं, पण ते म्हणले, "न्हाई, हे काम नीट करायचं." आणि बॅग स्कुटीवर मधे उभी धरून आमी मोंढ्यात गेलो. पप्पा ज्यांच्याकडं सगळ्यात जास्त वर्षं होते, त्या आडत्याकडं जुना लोखंडी तराजू अजून आहे, साखळ्यांचा. आता तो फक्त दिवाळीत पुजतात. पप्पांनी तो मागच्या खोलीतून काढायला लावला, फडक्यानं पुसला, आढ्याच्या कडीला लटकवला. पप्पांच्या बरोबरीचे एक हमालमामा आहेत, त्यांनी साखळी धरली. सोयाबीनची आवक चालू होती, तरी माणसं जमली.

"मापाडी, काय माल आणलाय?" मामांनी विचारलं.

"ज्वारी हाय. दळलेली. आन कपडे."

"कुठं पाठवायचीय?"

"व्हिएतनामला."

"भाव चांगला हाय का तिकडं?"

"आमीच खाणार."

"मंग न्हाई परवडत," मामा म्हणले, आणि सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. ते मापं ठेवायले होते.

मी व्हिडिओ काढायले होते. मी कॅमेरा सगळा पप्पांच्या चेहऱ्यावर ठेवला, कारण मला तो पाहिजे होता. त्यांनी मापं ठेवली, एक काढलं, एक छोटं ठेवलं, काटा मधे येऊन थांबेपर्यंत हात वर करून उभे राहिले. मग क्षणभर वर बघितलं, ओठ हलले, आणि एकदम त्यांचा तो आवाज निघाला. मी तो किती वर्षांनी ऐकला.

"लाऽऽभ. एकोणीस किलो सहाशे."

गादीवरचा पोरगा, तोच, फोन कानाला लावून बसला होता. त्यानं फोन खाली घेतला. बास, एवढंच झालं. मग सोयाबीन परत सुरू झालं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं की चारशे ग्राम बाकी आहेत. आईनं कारळाची चटणी केली, पप्पांनी हातावर तोलून बरोबर चारशे ग्रामची पिशवी बांधली, आणि बॅग बंद झाली. वीस किलो. मी व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले.

सेलूच्या स्टेशनवर गाडी यायच्या आधी आईनं पिशवीतून कोठीचं पितळी कुलूप काढलं आणि बॅगेच्या चेनला लावलं. चावी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. मी म्हणले, बॅगेला स्वतःचं नंबरचं कुलूप आहे. आई म्हणली, "नंबर कुणाला बी कळतो." हैदराबादला सकाळी उतरलो, चहा घेतला, टॅक्सी केली. विमान दुपारचं होतं. विमानतळावर आत गेल्यावर आई इकडंतिकडं बघून म्हणली, "एवढं पुसून कोण घेतं?" आणि चपला काढायच्या का ते विचारलं.

काउंटरवर माझ्याच वयाची मुलगी होती. पासपोर्ट घेतले, फोटो बघितले, पप्पांना विचारलं, "अंकल, बॅग कित्ते हैं?"

"लाभ," पप्पा म्हणले.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी एक बोट दाखवलं.

पप्पांनी बॅग उचलून पट्ट्यावर ठेवली. आकडे फिरले आणि थांबले. २३.५.

"अंकल, तीन किलो पाँचसौ जास्ती है."

मी तो आकडा परत वाचला. मग परत वाचला. मागं रांग होती. मी जे बोलले ते लिहायला नको वाटतं, पण खरं सांगायचं ठरवलंय तर सांगते. मी म्हणले, "तरी मी काटा मागवला होता."

आईनं माझ्याकडं बघितलं.

पप्पांनी माझं ऐकलं की नाही कळलं नाही. ते आकड्याकडं बघायले होते. जरा पुढं झुकले, पट्ट्याच्या खाली बघितलं, परत आकड्याकडं.

"तेवीस चारशे पाहिजे," ते म्हणले. "शंभर ग्राम कुठून आले?"

"पप्पा, शंभर नाही, साडेतीन किलो जास्त आहे. वीस पाहिजे."

"वीसच हाय."

"तिथं साडेतेवीस लिहिलंय."

पप्पा मुलीकडं वळले. "बाई, इसमें बारदाना पकड्या क्या तुमने?"

"क्या अंकल?"

"बारदाना. खाली थैला. माल जिसमें भरते."

"अंकल, बॅग के साथ पूरा वजन होता."

पप्पा थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. मोंढ्यात नवीन आलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग मला म्हणले, "तू म्हणलीस वीस किलो सामान. बॅग कुठं सामान हाय? बॅग तर बारदाना हाय. बारदाना वजा करूनच आकडा बोलायचा असतो. शेतकऱ्याला पोत्याचे पैसे देतात का कुठं?"

त्यांनी आईकडून चावी घेतली, कुलूप काढून आईच्या हातात दिलं, चेन उघडली आणि वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूचं अस्तर मला दाखवलं. तिथं निळ्या पेननं, त्यांच्या मोंढ्यातल्या अक्षरात लिहिलं होतं, 'बारदाना ३.४००'. परभणीत दुकानात डोळे मिटून पुटपुटले होते, ते हे होतं. घरी येऊन लिहून ठेवलेलं. बॅग मी भरली होती, दोनदा, पण मी कपड्यांकडं बघत होते.

वीस आणि तीन चारशे, तेवीस चारशे. ही बेरीज मला काउंटरवर उभं राहून करावी लागली. नंतर मी मोंढ्यातला व्हिडिओ परत बघितला, तर खाली कोपऱ्यात तराजूतली मापं अर्धवट दिसतात, वीसचं, दोनचं आणि एकचं. तेवीस. एवढ्या लोकांनी अंगठे दिले, कुणी बेरीज केली नाही. मी तर पहिली.

"अंकल, साइड में खोलके कम कर लो," मुलगी म्हणली. ती चांगली होती. तिनं मागच्या माणसाला थांबायला सांगितलं.

पप्पा बॅग घेऊन तिथंच फरशीवर मांडी घालून बसले. मी खाली वाकून म्हणले, "पप्पा, साडेतीन काढायचेत."

"तीन चारशे."

"मशीन साडेतीन म्हणायलंय."

"मशीनला म्हणू दे."

पिठाला त्यांनी हात लावला नाही, तो आईचा शब्द होता. बाकीचं ते एकेक बाहेर काढत गेले, हातावर जरा झुलवून, आकडा बोलून माझ्याकडं देत. आधी हळू आवाजात, मग सवयीनं वाढला. त्यांचे नवीन बूट, नऊशे. माझ्या दोन जीन्स, बाराशे. तीन टॉवेल, सातशे. आईचं स्वेटर त्यांनी दोनदा तोललं आणि म्हणले, "सहाशे. झालं." आईनं स्वेटर तिथंच साडीवर घातलं. विमानतळात गारच होतं, तिला बरं वाटलं. जीन्स आणि टॉवेल हातातल्या पिशव्यांत गेले. पप्पा चपलेवर आले होते, त्यांनी बूट घातले. नवीन बुटाच्या नाड्या त्यांना नीट जमत नव्हत्या. मी खाली बसून बांधून दिल्या. सॉरी वगैरे मी म्हणले नाही, आमच्यात म्हणत नाहीत. डाव्या पायाची गाठ जरा घट्ट झाली, ती सोडून परत बांधली.

बॅग परत पट्ट्यावर ठेवली. आकडे फिरले.

२०.०.

मुलगी म्हणली, "अरे." मागं रांगेत कुणीतरी 'वा' म्हणलं. पप्पांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते अजून शंभर ग्रामचाच विचार करायले होते.

तेवढ्यात आई पुढं झाली, कारण तिला बॅग जायच्या आत कुलूप लावायचं होतं. तिनं चेन जुळवली आणि कुलूप दाबलं.

२०.१.

"कुलूप," पप्पा म्हणले. इतका वेळ कुठं दुखतंय ते सापडत नव्हतं आणि आता सापडलं, असं म्हणले. "स्टेशनवर लावलं तू. मी धरलंच न्हाई ते."

"चलता अंकल, शंभर ग्राम चलता," मुलगी म्हणली.

"न्हाई चलता," पप्पा म्हणले. त्यांनी कुलूप काढलं आणि खिशात घातलं. आई म्हणली, माझं पीठ उघडं चाललंय. पप्पा म्हणले, "ज्वारीचं पीठ न्यायला कोण येणार हाय तिथं? भात खाणारे लोक." बॅग पट्ट्यावरून पुढं गेली, रबराच्या पडद्याआड गेली, आणि आई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिली.

मी तिकिटं घेतली आणि दोघांना घेऊन निघाले. सुरक्षा तपासणीची रांग मोठी होती, मला घाई होती. पण पप्पा मागंच राहिले. वळून बघितलं तर आमच्या मागं रांगेत जो माणूस होता, दोरीनं बांधलेला मोठा खोका घेऊन, त्यानं पप्पांच्या दंडाला हात लावला होता.

"चाचा," तो म्हणत होता, "जरा मेरा भी देखो ना. कित्ता होगा?"

पप्पांनी खोक्याकडं बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून आईकडं दिलं, बाह्या वर केल्या, दोरीत बोटं घातली आणि खोका जमिनीपासून वीतभर उचलून धरला. डोळे मिटले. आई घड्याळ हातात घेऊन उभी राहिली, मी तिकिटं हातात घेऊन. आमचं गेट लय लांब होतं, पण मी पिशवी खाली ठेवली.

पप्पांनी डोळे उघडले आणि त्या माणसाला विचारलं, "बारदाना पकडके बोलूं, का छोडके?"